चिमणीसाठी कॉम्प्युटर

ता. २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण पाच मिनिटांत भांडतो, म्हणून लिहिते. अरे, काल चिमणीबरोबर कॉम्प्युटरच्या दुकानात गेले आणि किंमत ऐकून तिथल्या स्टुलावर मटकन बसले. दुकानदाराला वाटलं, मला चक्कर आली. त्याने पाणी आणलं आणि वर त्याहून महागातला दाखवला! मेल्याला लाज नाही.

चिमणीला गेममधली माणसं, प्राणी, घरं तयार करायचं काम करायचंय. तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर चित्राचं एक बोट हलायला अर्धा तास लागतो. एप्रिलमध्ये गेम बनवणाऱ्या एका कंपनीत तिची परीक्षा आहे, घरी बसून काम करून पाठवायचं. जमलं तर नोकरी पक्की. तू दिवसभर याच यंत्रांत डोकं घालून बसतोस, तर भाचीसाठी आपल्याला झेपेल असं काहीतरी बघ. मला यातलं ओ की ठो कळत नाही.

तुझी,
ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

स्टुलावर बसलीस ते बरं झालं, उभी असतीस तर घेऊन आली असतीस. ताई, गेम आणि ग्राफिक्ससाठी स्वस्तात घ्यायचा तर दिखाव्याला भुलायचं नाही. त्या दुकानात रंगीबेरंगी दिवे लुकलुकणारे डबे असतील. दिव्यांनी चित्र लवकर होत नाही. खरं काम करतं ते ग्राफिक्स कार्ड, आणि त्याच्या जोडीला भरपूर मेमरी. बाकी सगळीकडे मी कात्री लावली. कार्ड वर्षभर वापरलेलं आहे, पण तीन दिवस सलग चालवून पाहिलंय. स्क्रीन जुनी, पण रंग खरे दाखवते. डबा साधा, काळा. चिमणीला म्हणावं, मामाने रूपाकडे नाही, गुणांकडे पाहिलंय.

पुढच्या आठवड्यात पार्सल येईल. एकच सांगतो. तुझं शिवणकाम त्याच खोलीत चालतं, कापडाचा भुगा उडतो. धूळ आत जाऊ देऊ नकोस, धूळ म्हणजे त्याची वैरीण.

तुझा,
धाकटा

ता. १४ एप्रिल

धाकट्या,

आशीर्वाद लिहायलाही हात उचलवत नाही, तरी आहेत असं समज.

तुझा गुणी कॉम्प्युटर ऐन परीक्षेत बंद पडला. काल दुपारी बारापर्यंत काम पाठवायचं होतं. रविवारी सकाळी चिमणीने सगळं जुळवून चित्र चालतं करायला लावलं, आणि तासाभरात स्क्रीन काळी. पुन्हा सुरू केला, पुन्हा काळी. असं सहा वेळा! माझा पाय मुरगळलेला, मी तिथेच मशीनपाशी बसून सगळं पाहत होते. पोरीने एकदा मशीनकडे हात नेला आणि मागे घेतला. सोमवारी अर्धवट काम पाठवलं आणि संध्याकाळी नकार आला.

आणि सांभाळण्यात मी काही कसर ठेवली म्हणशील, तर धुळीचा कण लागू दिला नाही मी त्याला. वापरलेलं कार्ड गळ्यात मारायला तुला सख्खी भाचीच सापडली का? मला अजून खरं वाटत नाही.

ताई

ता. २० एप्रिल

ती. मामास, चिमणीचा शि. सा. न.

मामा, तू मला लिहिलेलं पत्र वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःला इतकं बोल लावू नकोस. कार्ड उत्तम आहे. दोष तुझा नाही.

आईने कॉम्प्युटरला अंगरखा शिवलाय. जाड कापडाचा, आत कापूस, वर अस्तर. तारांना भोकं, बटणासाठी काज. तू धुळीचं लिहिलंस ना, त्याच आठवड्यात तिने गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून तो शिवला. येईल त्याला दाखवते. आतून कार्ड भट्टीसारखं तापतं आणि कॉम्प्युटर आपणहून बंद होतो, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. पण तिचा चेहरा बघून सांगवेना. मग ती बाजारात गेली की मी अंगरखा काढायचे, जिन्यात पाऊल वाजलं की घालायचे. दोन महिने निभावलं. त्या रविवारी पाय मुरगळून ती दिवसभर घरात, माझ्या शेजारीच. काढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मामा, मी माझी नोकरी अशी घालवली.

आईला यातलं अक्षरही कळवू नकोस. तुला माझी शपथ.

तुझी,
चिमणी

ता. २५ एप्रिल

ती. ताईस सा. न.

सोबत चिमणीचं पत्र पाठवतोय. तिने शपथ घातली होती. मी ती मोडतोय, काय व्हायचं ते माझं होऊ दे. दोन दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. ताई, मी हबकलोय. कॉम्प्युटरला वारा लागतो, हे मला लिहायचं सुचलं नाही. त्याला कोणी अंगरखा शिवेल, हे तर स्वप्नातही आलं नसतं. तेव्हा माझ्यावर हवी तेवढी चीड. पण पोर तुझ्या शेजारी बसून नोकरी घालवते आणि तोंड उघडत नाही, हे मला तुझ्यापासून लपवता येईना.

तुझा,
धाकटा

ता. ३ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून.

पत्र वाचलं आणि हातातली सुई बोटात गेली तरी कळलं नाही. तुला नको नको ते बोलले, माफ कर. लंगडत त्या कंपनीत गेले. तिथल्या बाईंना सांगितलं, चूक माझी, पोरीची नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण जागा भरली होती. पुढे कधी बोलावतील की नाही, देव जाणे.

घरी येऊन चिमणीला फैलावर घेतलं. म्हटलं, आईचं मन मोडू नये म्हणून स्वतःचं आयुष्य मोडायला निघालीस? आजपासून जे नको ते तोंडावर नको म्हणायचं. ती खूप रडली. मीही रडले. मग तिने मला विचारलं, खरंच सगळं सांगू का? मी म्हटलं, सांग की, घाबरते की काय मी!

धाकट्या, तिने लहानपणापासूनचे माझ्या हातचे फ्रॉक बोटांवर मोजायला घेतले. हा टोचायचा, त्यात हात वर होत नसे, तो घालून शाळेत जायची लाज वाटायची. दोन्ही हातांची बोटं संपली तरी थांबेना. शेवटी काकुळतीला येऊन मी विचारलं, निदान तो पिवळा, झालरीचा, तो तरी आवडायचा ना? त्यावर ती म्हणाली की आई, तो तर सगळ्यात नावडता.

तो तिने चार वर्षं घातला रे. रोज हसत.

लोभ असेलच. पण यापुढे असेल तर असेल म्हण आणि नसेल तर नसेल.

तुझी, अजून न सावरलेली,
ताई