मुद्दाम केलेल्या चुका

ता. ४ फेब्रुवारी

चि. लेकीस अ. उ. आ.

तुझ्याकडून निघून गावी सुखरूप पोचले. पत्र शेजारचा शिंपी लिहितोय. बोलते तसंच लिही म्हटलं तरी शोभेचे शब्द टाकतो, ते मी उसवायला लावते.

माझी नात भिंगरी काय म्हणते? म्हणजे आपण म्हणतो तेच म्हणत असणार. चार वर्षांची झाली, पाणी हवं का विचारलं की तेच आपल्याला परत विचारते. तिला स्वतःहून बोलावंसं वाटावं म्हणून त्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी घरी मुद्दाम चुका करायला सांगितल्या. तुला कुठलं जमायला, तू चमचासुद्धा वाकडा ठेवत नाहीस. मला मात्र मनाजोगतं काम मिळालं. तिची टोपी मी पायात घातली, तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून 'नाही' म्हणाली. तो शब्द त्याआधी आपल्यापैकी कुणी उच्चारला नव्हता, तिचा तिनेच काढला. तेव्हा चुका चालू ठेव.

लोभ कमी करू नकोस, नीटनेटकेपणा कमी कर.

तुझी आई

ता. १५ फेब्रुवारी

ती. आईस शि. सा. न.

तुम्हा आजी-नातीचं 'नाही' शाळेत पोचलं. बालवाडीच्या ताईंनी चुकून दुसऱ्याची बाटली दिली, तर 'नाही, निळी' म्हणत हिने ती फेकली. ताईंचा पाय भिजला, एवढंच. पण मोठ्या बाईंनी बोलावलं. गप्प असायची तेव्हा त्रास नव्हता म्हणाल्या. नीट बोलायला लागली की आणा, तोवर घरी ठेवा. दहा दिवसांत कळवायचंय. वन्सं म्हणतात, वाद नको, गुपचूप काढून घ्या. मलाही तसंच वाटतं. रोज फाटकाशी माफी मागून दमले गं.

आशीर्वाद जरा जास्तच पाठव.

तुझी लेक

ता. १९ फेब्रुवारी

चि. लेकीस आशीर्वाद, रागासकट.

फेकणं वाईट, ते मी आले की बघते. पण 'नाही, निळी' हे पोरीने मनाने जोडलंय, ते बाईंना ऐकू आलं नाही? बोलायला शिकून मग चार पोरांत यायचं म्हणे. तोवर शिकायचं कुणाशी, कपाटाशी? मला अक्षर येत नाही म्हणून माझी पत्रं कुणी अडवली नाहीत. शिंप्याचा हात वापरते आणि हवं ते सुनावते. तिलाही कुणीतरी हात द्यावा.

वन्संना नमस्कार सांग आणि त्यांचा सल्ला परत कर. पोर काढायची नाही. तुला भांडता येत नाही, तर भांडू नकोस. नाही म्हण आणि तिथून उठू नकोस. इथे शिंप्याने 'कृपया' घातलं होतं, खोडायला लावलं.

लोभ राहील तसा राहो, पोर शाळेत राहावी.

तुझी आई

ता. २५ फेब्रुवारी

ती. आईस शि. सा. न.

मोठ्या बाईंना सांगितलं, काढणार नाही. बाटली फेकू नये हे शिकवू, बोलू नये हे शिकवणार नाही. मग गप्प बसले. थेरपिस्ट सांगतात, आपलं बोलून झालं की थांबायचं, समोरच्याला वेळ द्यायचा. बाईंनी टेबलावरचे कागद सारखे केले, मग पुन्हा सारखे केले. शेवटी म्हणाल्या, आणा उद्यापासून.

आज फाटकाशी ताईंनी भिंगरीला विचारलं, कशी आहेस. तिने तोच प्रश्न परत केला. एरवी मी तिच्या वतीने उत्तर देऊन ओशाळं हसते. आज नुसती उभी राहिले. मागे रांग खोळंबली, कुणीतरी घसा खाकरला. ताई खाली बसून तिला उत्तर देऊ लागल्या, की आपल्याला कालपासून सर्दी झाली आहे आणि नाक फार गळतंय. भिंगरी त्यांच्या नाकाकडे बघत सगळं ऐकून घेत होती.

लोभ आहेच, म्हणून मागत नाही.

तुझी लेक