श्वानहाइमच्या वाळूतले बीजगोळे

१९ एप्रिल, शनिवार

दमले. बाबांना येऊन आठवडाच झाला आणि माझ्याकडची खोटी कारणं आत्ताच संपत आलीत. सासरे घरात, नवरा नाही — रोज नवं काय सांगायचं? जानेवारीत सुधीर घर सोडून गेला. सतरा वर्षांचा संसार, आणि धड भांडणसुद्धा नाही! दोन सुटकेस आणि कॉफीचं मशीन घेतलं, गेला. बाबांचा व्हिसा, तिकीट त्याआधीच झालेलं. फोनवर आम्ही ठरवलं, त्यांना कळू द्यायचं नाही. दोन तासांवर गेर्लिंगेनला प्रोजेक्ट आहे, रविवारी येतो, असं सांगायचं. सासूबाईंना जाऊन दोनच वर्षं झालीत, त्यात हा घोर कशाला.

घरात बसलं की प्रश्न येतात, म्हणून आज त्यांना बाहेर काढलं. बारा नंबरची ट्राम, शेवटचा स्टॉप, श्वानहाइम. घरांच्या रांगा संपल्या की पुढे एकदम वाळू! फ्रँकफर्टला चिकटून वाळवंटाचा तुकडा. वरून विमानं, पलीकडे केमिकल कारखान्यांच्या चिमण्या, मधे खुरटं गवत आणि चारदोन वाकडे पाइन. लाकडी फळ्यांच्या वाटेवरूनच चालायचं, वाळूत पाय ठेवायचा नाही.

बाबा फळीवर उभे राहिले ते हलेचनात. "काय उजाड ठेवलंय गं! एवढ्या श्रीमंत देशात?"

तीस वर्षं सामाजिक वनीकरणात काढली त्यांनी, सगळी माण तालुक्यात. बोडका माळ दिसला की अजून हात शिवशिवतात. मी म्हटलं, बाबा, हे राखीव आहे. तर म्हणाले, "मग राखलं का नाही?"

२७ एप्रिल, रविवार

सुधीर आला. स्वतःच्या घराची बेल वाजवून! किल्ली त्याने परत केलीय हे मीच विसरले होते. जेवताना मला "अगं" म्हणाला, तेव्हा हातातली पळी फेकावीशी वाटली. वर मीठ कुठे ठेवतेस म्हणून विचारलं, शहाण्याने. बाबा मान खाली घालून जेवत होते. नशीब!

साडेसहाला "उद्या सकाळी मीटिंग" म्हणून गेला. मी आडवी झाले ती उठलेच नाही.

३ मे, शनिवार

बाल्कनीत मातीचे लिंबाएवढे गोळे वाळत घातलेले. तीन ताटं भरून!

"बीजगोळे," बाबा म्हणाले. आत बाभूळ, हिवर, शिरीष. बिया बिस्किटांच्या डब्यातून आणल्या, कस्टमवाल्यांना पत्ता नाही. माती इथल्या बाउमार्क्टमधली, घरदुरुस्ती-बागकामाच्या दुकानातली. शेण मिळालं नाही याची मात्र खंत. मी खूप हसले. किती दिवसांनी! त्या हसण्यात हे कुठे टाकणार, विचारायचं राहून गेलं.

१० मे, शनिवार

व्हायचं तेच झालं. श्वानहाइमला परत गेलो. मी ऑफिसचा फोन घ्यायला मागे थांबले, तेवढ्यात बाबांनी पिशवी उघडली आणि गोळे भिरकावायला सुरुवात केली. शहात्तराव्या वर्षी काय हात चालतो! समोरून हिरव्या जाकिटातली एक म्हातारी पळत आली. "हाल्ट! वास माखन झी दा?" थांबा, काय करताय तिथे!

फ्राऊ केसलर. इथलं निसर्गाचं काम बघणाऱ्या मंडळातली. मी मधल्या मधे दुभाषी. ती सांगत होती, इथे झाडं वाढली की वाळू झाकली जाते, आणि हे गवत, वाळूत घर करणाऱ्या माश्या, टोळ, सगळं संपतं. परक्या बिया तर नकोतच. आम्ही आपणहून उगवलेली रोपंसुद्धा उपटतो!

उपटतो हा शब्द बाबांना सांगताना माझी जीभ अडखळली. त्यांचा चेहरा उतरला. हात जोडून म्हणाले, "सांग तिला, चुकलं माझं. सगळे वेचून देतो." तिने त्यांना वाळूत उतरू दिलं, स्वतःही वाकली. दोघं मिळून अर्धा तास गोळे वेचत होते. शेवटी म्हणाली, "बरं तर, चोवीस तारखेला रोपं उपटायला या. माणसं कमी पडतात."

घरी आल्यावर मी नको ते बोलले. "सगळीकडे आपलंच खरं करायचं नसतं, बाबा!" आवाज चढवला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. राग त्यांच्यावरचा नव्हता, मलाही ठाऊक आहे.

११ मे

सकाळी उठले तर बाबांनी चहा करून ठेवलेला. माझ्यासाठी आलं जास्त घालून. लाज वाटली.

२४ मे, शनिवार

गेलो. बाबांनी पाइनचं बोटभर रोप उपटलं आणि तळहातावर घेऊन बसून राहिले. फ्राऊ केसलरनेही घाई केली नाही. मग लागले कामाला — मुळाला धक्का न लावता, जणू दुसरीकडे लावायचंय.

दुपारी डबा खाताना म्हणाले, "माळ दिसला की मी आधी खड्डे घ्यायचो, देवश्री. त्याला काय हवंय ते कधी बघितलं नाही." थोड्या वेळाने, "तू फार थकलेली दिसतेस."

"ऑफिस, बाबा."

"हं."

ट्राममधून सुधीरला मेसेज केला, आता सांगून टाकू या. त्याचं उत्तर आलं, ते जाईपर्यंत थांब.

१५ जून, रविवार

सुधीर, वरणभात, हसणं, साडेसहा. वीट आलाय.

२० जून

बॅग भरता भरता धीर केला. "बाबा, तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी हे झाकण दाब. बसत नाहीये." मग लोणच्याच्या बरणीचं निघालं, मग वजनाचं. तीनदा प्रयत्न केला, तीनदा काहीतरी मधे. उद्या विमान! फसवूनच पाठवणार आहे मी या माणसाला.

२१ जून, शनिवार

बाबा गेले. विमानतळाच्या पार्किंगमध्ये सुधीरला म्हटलं, आता फोनवर तूच सांग त्यांना, माझ्याच्याने नाही होणार. त्याने गाडीचं दार उघडलं, परत लावलं.

"त्यांना जानेवारीतच सांगितलंय मी. म्हटलं, तिकीट रद्द करू या. तर म्हणाले, मी तुझ्याकडे येतच नाहीये, देवश्रीकडे जातोय. फक्त मला माहितीये हे तिला कळू देऊ नकोस, नाहीतर येऊ नका म्हणेल."