पंगत ज्याला हसली तो भोपळा

शुक्रवार पेठ, सोलापूर
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५३

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्या गोदूचा साष्टांग नमस्कार. आम्ही सारी खुशाल आहोत. वहिनींचा खोकला आणि तुमचा थट्टेचा भर, दोन्ही ओसरले असतील अशी आशा करते.

भाऊबीजेला तुम्ही यांच्या भोपळ्याच्या फोटोला हसलात ("आता त्याला बाशिंग बांधा" म्हणालात आणि सगळी पंगत हसली, मीही थोडी हसले). पण तो फोटो निघाला कसा, ते तुम्हांला कुणी सांगितलंच नाही. त्या दिवशी घरी पाहुणे जेवायला होते. अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषानं लावायची, म्हणून मी यांना फोटोच्या दुकानातून हाक मारली. यांनी सुरी उचलली, भोपळ्याकडे पाहिलं, सुरी खाली ठेवली आणि कॅमेरा आणला! (दुकानात एक नवरानवरी फोटोसाठी अवघडून बसली होती, ती तशीच.) मग मी शेजारच्या शरणप्पांना बोलावलं. यांनी त्यांना कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घालून काचेवर उमटलेला भोपळा पाहायला लावलं. बराच वेळ कापडाबाहेर नुसते पाय. शेवटी बाहेर आले आणि म्हणाले, "वैनी, माज्यानं न्हाय कापवणार. लई गोड दिसतंय की!" पाहुण्यांनी पिठलं खाल्लं. भोपळा पुढं दूधवाल्या केराबाईंच्या शेळ्यांना गेला.

दादा, मी इतकी वर्षं भोपळे शिजवले, पण भोपळा पाहिला तो त्या फोटोत. खिडकीतला उजेड एकेका कंगोऱ्यावरून असा उतरलाय, की आईच्या पाठीला तेल लावायचे ते दिवस आठवले आणि मला रडूच आलं. माणसांचे फोटो पुष्कळ जण काढतात. भाजीकडे इतक्या मायेनं पाहणारे आपल्या मुलखात हेच पहिले. खुशाल थट्टा करा, मला अभिमान वाटतो.

तुमची,
गोदावरी

ता. क. फोटो सोबत घातला आहे. भाऊबीजेपासून यांनी कॅमेरा पेटीत बंद केलाय आणि गिरणीत कारकुनी धरणार म्हणतात. तुमच्या शब्दाला यांच्या लेखी फार मोल आहे. मी कौतुक केलं की "तू तर म्हणणारच" म्हणून मोकळे होतात. फोटो एकदा उजेडात धरून नीट पाहा आणि यांना चार ओळी लिहा. मी सांगितलं हे कळू देऊ नका.

आणखी एक ता. क. आवडला नाही, तर तसं मला लिहा, यांना नको. फोटो तुम्हीच मागवलाय आणि तुमचं पत्र येणार आहे, असं मी सांगून बसले आहे; आणि ते ऐकल्यापासून हे ओसरीवर बसून कॅमेऱ्याचं भिंग पुसताहेत.