गिळलेला ‘ह’

१९ जानेवारी १९९८, सोमवार

रितेश आज पुन्हा चावला. या वेळी तेजश्रीला, दंडावर, एका लाल खडूसाठी. तळहातावर दोन पट्ट्या दिल्या, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. ‘इथंच राहा. हलायचं नाही.’ राहिला — पण ढिम्म! डोळ्यांत टिपूस नाही. मधल्या सुट्टीत पाहते तर शेजारची तुकडी शिकवणाऱ्या रसिकाच्या मांडीवर बसून तिच्या डब्यातले पोहे खातोय.

मला सगळी मुलं ‘बाई’ म्हणतात. तिला ‘ताई’. जूनमध्ये आली पुण्याहून, नवऱ्याच्या कॉम्प्युटर कंपनीमागून. घरी बसून कंटाळा येतो म्हणून शिकवते. म्हणे कंटाळा!

२० जानेवारी

शाळेच्या चिटणिसांनी, आबासाहेबांनी, दोघींना बोलावलं. या तेलुगू मुलखात मराठी शाळेला मुलं मिळत नाहीत, गल्लोगल्ली कॉन्व्हेंट निघालीत. जूनपासून बालवर्गाच्या दोन तुकड्यांची एकच करायची. म्हणजे बाईही एकच. दुसरीला ऑफिसात घेऊ, म्हणाले. शनिवारी वर्ग बघायला येणार.

ऑफिसात! पावत्या फाडायला! बी.ए. झाल्यापासून लहान मुलांशिवाय दुसरं काही केलेलं नाही मी. जामबागेत भाजी घ्यायला गेलं तरी माझ्या हाताखालून गेलेले मिश्यावाले बाप्ये वाकून नमस्कार करतात. मला बालवर्गच हवा.

२१ जानेवारी

माझी रांग सरळ असते. तिची मुलं ओढणीला लोंबकळत जातात. तरी शाळा सुटल्यावर फाटकाशी सगळ्या आया तिच्याच भोवती. ‘रसिकाताई, आमचा घरीसुद्धा तुमचंच नाव घेतो.’ माझ्याकडे येतात त्या फक्त बसची वेळ विचारायला.

२२ जानेवारी, गुरुवार

आज सापडलं!

रितेश झोपाळ्यापाशी दुसऱ्यांवर वाळू उडवत होता. रसिका लांबूनच म्हणाली, ‘रितेश, तिथंच राहा.’ आणि हा धावत जाऊन तिच्या कमरेला मिठी! हे मी रोज बघते आणि रोज जळते. आज नीट ऐकलं. पुण्याची असून उच्चार बघा — ‘राहा’मधला ‘ह’ ती गिळूनच टाकते. उरतो नुसता ‘रा’.

रितेशचे वडील मराठी, पण रेल्वेच्या नोकरीत सदा फिरतीवर. आई पद्मावती तेलुगू, घरात बोलणं सगळं तेलुगू. आणि तेलुगूत ‘रा’ म्हणजे ‘ये’! ती सांगते थांब, तो ऐकतो ये. लळा कसला नि काय! मी ‘राहा’ स्वच्छ म्हणते, म्हणून माझ्याकडे येत नाही, इतकंच.

संध्याकाळी पोळ्या करताना चक्क गुणगुणत होते.

२४ जानेवारी, शनिवार

आबासाहेब आले. माझा वर्ग — हाताची घडी, तोंडावर बोट. पंख्याची करकर तेवढी ऐकू येत होती. ‘उत्तम शिस्त,’ म्हणाले. घड्याळ बघितलं. निघाले.

रसिकाच्या वर्गात नुसता बाजार! त्यात आमचे चिरंजीव रितेश माझ्या वर्गातून निसटून तिच्या खिडकीत चढलेले. ‘तिथंच राहा,’ ती घाबरून म्हणाली. यानं उडी टाकली ती थेट तिच्या कुशीत. आबासाहेब विरघळले. दुसऱ्या तुकडीचं मूल, आणि केवढी ओढ, म्हणे!

मला राहवेना. व्हरांड्यात गाठून त्यांना सगळं समजावलं — गिळलेला ‘ह’, तेलुगू आई, ‘रा’चा अर्थ. खूप हसले. ‘हौ, बरोबर आहे तुमचं,’ म्हणाले. मग चष्मा पुसता पुसता —

‘पण शैलाबाई, तिला तेलुगू येत नाही. तुम्हाला येतं. मग तुम्ही का नाही म्हणत त्याला, रा?’

निर्णय मंगळवारी सांगणार आहेत.

२५ जानेवारी

का नाही म्हणत! मला शिस्त लावायला ठेवलंय, लाड करायला नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन. रितेश सगळा वेळ रसिकाच्या बोटाला. तिनं चॉकलेटं वाटली, सगळ्यांना तिच्याचकडून हवी. पेढे वाटले मी — उरले.

एक शब्द तर आहे. मीही म्हणून बघणार. उद्या, आबासाहेब यायच्या आत. आला माझ्याकडे, की त्यांनाच बोलावून दाखवते.

२७ जानेवारी, मंगळवार

आबासाहेबांनी तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं — ऑफिसात मी बसते.

सकाळी वर्गात रितेश एकटाच होता. मी खाली बसले. दोन्ही हात पसरले. ‘रा,’ म्हटलं, अगदी हळू.

आला. अगदी जवळ आला. डोळे घट्ट मिटले आणि तळहात पुढे केला.