तुह्यापुरतं अलग काढ

प्रिय रूपाली,

फोनवर मोकळं बोलता येत नाही. तुझे बाबा शेजारी बसून सगळं ऐकतात. शेजारची रुपाबाई मला भेटून आज तुमच्या कारंजाला माहेरी चालली, तिच्या हाती हे पत्र देते.

चार वर्षांआधी बाबांचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं आणि मी त्याच दिवशी लोणच्याची बरणी घराबाहेर काढली. पापड बंद, ठेचा बंद, कणकेत मीठ टाकणंही सोडलं. त्यांचं एकट्याचं ताट वेगळं केलं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून सगळ्यांनीच तसं खाल्लं. तुझा भाऊ विकास महिनाभर कुरकुरला, मग त्यालाही सवय झाली. गोळी आणि पथ्य, दोन्ही लागू पडलं. यंदा आकडे चांगले आले, तसं बाबांनी स्वतःच बाजारातून लोणचं आणलं. हळूहळू भाजीतही पहिल्यासारखं मीठ टाकायला लावलं. मी नको म्हटलं, पण कोण ऐकतं?

गेल्या महिन्यात आरोग्य केंद्राच्या आशाताईनं माझं बीपी पाहिलं, तर एकशे ऐंशी. जेवताना घरात सांगितलं. बाबा म्हणाले, "तुह्यापुरतं अलग काढत जाय. आमाले कायले अळणी?" विकासनं मोबाईलवरून मानही वर केली नाही.

काढलं मी अलग, आठ-दहा दिवस. पण शेतात सोयाबीन कापायला-सोंगायला जायच्या घाईत दोन-दोन भाज्या कोण करतं गं? मग त्यांचीच खाऊ लागले. त्यांचा राग येतो, त्याहून जास्त माझा मला येतो. त्यांच्यासाठी अख्खं घर बदललं, तेव्हा मला कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

रूपाली, घाबरू नको. हे मी वाशीमच्या दवाखान्यातून लिहून राहिले. परवा पोळ्या लाटताना डावा हात बधिर झाला, जीभ जड पडली. आशाताईनं लगेच गाडी करून आणलं. आता हात हलतो, बोलणंही नीट आहे. तुला कळवायचं नाही, असं बाबांचं ठरलं होतं. काल ते डबा घेऊन आले. पहिल्याच घासाला कळलं, मीठ नेहमीचंच. मी डबा बंद करून परत दिला. ते म्हणाले, "मंग कितीक टाकाचं?" इतकी वर्षं माझ्या हातचं कमी मिठाचं खाल्लं त्या माणसानं. मला रडू आलं, पण किती मीठ टाकायचं ते मी सांगितलं नाही. शनिवारी सुट्टी होणार आहे. तू न्यायला ये. मी घरी रिठदला जाणार नाही, तुझ्याकडे येणार आहे. त्यांना मीच सांगेन.

तुझीच,
आई