‘शिंपले खाऊ नयेत’

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा भाऊ दवाखान्यात पडलाय, तोही स्वतःच्या कर्तृत्वाने. समुद्रात विषारी शेवाळ झालंय, ते शिंपल्यांच्या पोटात जातं, म्हणून बंदराच्या ऑफिसाने ‘शिंपले खाऊ नयेत’ असा बोर्ड सांगितला. रंगवला कोणी? मीच. ‘नयेत’ची अक्षरं नीट बसेनात, म्हणून मागे सरून बघत होतो. पायाखाली खडकावर शिंपलेच शिंपले! पिशवी भरून घरी आणले.

हिने विचारलंच, आज कसला बोर्ड होता. मी म्हटलं, तो कच्चे खाणाऱ्यांसाठी गं, आपण चांगले उकळून घेऊ. हे विष उकळून जात नाही, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ओठांना मुंग्या आल्या, जीभ जड झाली. शेजाऱ्यांना वाटलं, मी घेतलीय. आता उतार पडलाय, अक्षर तेवढं अजून तर्र आहे. वाचता येतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं, लिहिता येतं.

हिलाही इथेच ठेवलंय. तिला जरा जास्त झालं.

लोभ आहेच, थोडी अक्कलही पाठव.
तुझा पेंटर

५ मार्च

चि. अक्षरशत्रूस,
अ. आ.

पत्र वाचून हसले, मग पुन्हा वाचलं. शेवाळावर, शेजाऱ्यांवर, स्वतःच्या जिभेवर एवढं पाल्हाळ, आणि बायकोसाठी दीड ओळ? जरा जास्त म्हणजे काय? काही फोडून आलास की तू असाच विदूषक व्हायचास. माझा पाय प्लास्टरमध्ये नसता, तर पत्राऐवजी मीच आले असते तुझा कान धरायला. हसवू नकोस. ती कशी आहे, तेवढं कळव.

जीव टांगणीला लागलाय.
तुझी ताई

७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ही मशीनवर होती. तिचा श्वासच बंद पडला होता. यावर उतारा नाही. विष उतरेपर्यंत मशीनने श्वास द्यायचा, एवढंच. मोठे मोठे शिंपले निवडून मीच तिच्या ताटात वाढले होते, प्रेमाने. तिला नको होते गं. माझं मन मोडू नये म्हणून तिने खाल्ले.

आज सकाळी नळी काढली. श्वास तिचा ती घेतेय. आवाज फुटत नाही, म्हणून नर्सने कागद-पेन्सिल दिली. तिने बराच वेळ घेऊन लिहिलं, की पुढच्या बोर्डावर कवटी काढा, वाचून आपल्याला कळत नाही.

‘आपल्याला’ लिहिलंय, ताई. ‘तुम्हाला’ नाही. मी तिथेच रडलो.

लोभ मागायला मला तोंड नाही. आशीर्वाद हिच्या नावाने पाठव.
तुझा भाऊ