तळ्याच्या पडद्याचा निळा रंग

ता. २ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघे काय म्हणतात? माझ्या कानांची चौकशी करू नकोस, त्यांना ती ऐकू जाणार नाही.

बाबांवरचं पुस्तक एकदाचं हातावेगळं झालं. पासष्ट वर्षं मनात घोळत होतं, लिहायला एक वर्ष पुरलं. सोबत तिसरं प्रकरण पाठवतोय, तळ्याच्या पडद्याचं. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याला कोण लक्षात ठेवतं? निदान तो एक पडदा तरी राहावा. त्यातल्या तळ्यामागच्या राजवाड्याच्या कमानी मी इतिहासाच्या जाडजूड ग्रंथांतून ताडून पाहिल्या. बाबांची एकही चुकलेली नाही.

पण ग्रंथांत नसलेली गोष्ट माझ्याजवळ होती. बाबा आत रंगवायचे आणि मी आठ वर्षांचा, उंबऱ्यावर बसून शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणायचो. ढगांची, पाखरांची, परत ढगांची. जरा थांबलो की बाबा आतून थांबू नकोस म्हणायचे. म्हणून लिहिलंय, ‘माझ्या कवितेवाचून त्यांचा कुंचला चालत नसे.’ हे लिहिताना चष्मा दोनदा पुसावा लागला. जन्मभर जे काही लिहिलं, ते त्या उंबऱ्याच्या जोरावर.

पंधरा तारखेला छापखान्यात पानं द्यायची आहेत. चुका असतील तर लगोलग कळव.

लोभ जुनाच आहे, तो तसाच असू द्यावा.
तुझा,
धाकटा

ता. ५ जानेवारी

चि. गुणगुण्यास,
अनेक आशीर्वाद.

प्रकरण सुनेकडून दोनदा वाचून घेतलं. ती डोळे पुसत होती. चुका कळव म्हणालास म्हणून कळवते. छापू नकोस, नुसतं वाच.

त्या वर्षी बाबांच्या डोळ्यांपुढे धुकं साचलं होतं. हिरवा आणि निळा त्यांना एकच दिसायचा. नाटक कंपनीच्या मालकाला कळतं तर काम गेलंच असतं, आणि पंधरा वर्षांच्या पोरीकडून पडदा कोण रंगवून घेतो? रेषा बाबा आखायचे, रंग मी भरायचे. हे आईला ठाऊक होतं, बस.

आणि तुला उंबऱ्यावर का बसवलं होतं, ते सांगू? तू भलता भिडस्त. परका माणूस दिसला की तुझं तोंड आपोआप मिटायचं. तुझी कविता थांबली, की मी कुंचला बाबांच्या हातात द्यायचे आणि पोतेरं घेऊन फरशीला लागायचे. मालक तीनदा आले, तिन्ही वेळा तू वाचवलंस. शपथेवर सांगते, तुझ्याइतका चोख पहारेकरी मी पाहिला नाही.

रागावू नकोस. इतकी वर्षं तुझ्या तोंडावरचा आनंद मोडवला नाही. पण तू ‘बाबांचा तो निळा’ असं चार पानं लिहिलंस, आणि या वयात माझ्यानं राहवलं नाही.

पानं गारठ्यात बसून तपासू नकोस. तब्येतीला जपावं, म्हणजे आम्हीही निश्चिंत.
तुझी,
ताई

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आल्यापासून एकही कविता ओठांवर आली नाही. बायको म्हणते, घर कसं सुनं सुनं वाटतंय.

तुझी निळी नखं आठवली. वर्गात बाईंनी मुठी उघडायला लावल्या म्हणून तू रडत आली होतीस. मी शाईचे डाग समजलो होतो. लेखक म्हणवतो, आणि घरातलं एवढंही दिसलं नाही.

आता पेच असा. प्रकरण ठेवावं तर ते खोटं. खरं लिहावं तर बाबांनी जपलेली गोष्ट मी चव्हाट्यावर आणायची. आणि माझं म्हणशील, तर मी म्हणजे दाराला टांगलेली घंटा. कवितेचं काही नव्हतंच. छापखान्याला प्रकरण गाळायला सांगतो आहे. तुझं काही म्हणणं असेल तर पंधराच्या आत येऊ दे.

रागावलेलो नाही. जरा लागलं, इतकंच.
तुझा,
धाकटा

ता. १२ जानेवारी

चि. गुणगुण्यास,
आशीर्वाद.

गाळू नकोस. हे पत्र मी स्वतः लिहितेय, अक्षर लावून वाच.

बाबांची काळजी करतोस, ते ठीक. पण कमानी त्यांच्याच होत्या. रंग दिसत नसताना तशी रेषा ओढणं मला सात जन्मांत जमलं नसतं. तेही लिही, म्हणजे त्यांना कमीपणा येणार नाही.

आता तुझं. पडदा निम्मा झाला होता आणि तू तापानं आठवडाभर अंथरुणावर होतास. मालक परगावी गेले होते, म्हणजे पहाऱ्याची गरज नव्हती. दार लावून निवांत रंगवायचं. बाबा रोज विचारायचे, तळं कुठवर आलं? आणि मी रोज सांगायचे, आलं नाही. हात चालायचाच नाही. सहा दिवस पाणी नुसतं पांढरं राहिलं. सातव्या दिवशी तू पांघरूण गुंडाळून उंबऱ्यावर येऊन बसलास आणि बसक्या आवाजात ढगांची कविता सुरू केलीस. संध्याकाळपर्यंत तळं भरलं. थांबू नकोस असं सांगायला बाबांना कोपरानं ढोसायचं काम माझंच असायचं.

तेव्हा तुझं ते वाक्य राहू दे. कुंचला कवितेवाचून चालत नव्हता, हे खरंच आहे. फक्त हात बदल.

पुस्तक आलं की घेऊन ये, आणि ते प्रकरण तू स्वतः वाचून दाखव. उंबऱ्यावर बसून नव्हे, आत येऊन.
तुझी,
ताई